विश्लेषण : खाशाबा जाधव यांच्या हेलसिंकीवारीचा खर्च कुणी उचलला?

पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा या पट्ट्यातल्या गावोगावच्या यात्रा आजही कुस्तीच्या फडाशिवाय पुऱ्या होत नाहीत. हलगी कडाडते, लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या आधी लागतात आणि दिवस कलायला आला की मोठ्या इनामाचे जोड मैदानात उतरतात. या इनामाचा पैसा यात्रा कमिटी गावातून वर्गणी काढून उभा करते. पैलवानाला पोसायचे ते गावाने, असा हा जुना रिवाज. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातले पहिले ऑलिंपिक पदक मिळाले तेही बरेचसे याच रिवाजावर. पंढरपूरहून आटपाडी-विटामार्गे पश्चिमेला गेले की कराड लागते. त्या कराडला खेटून असलेल्या गोळेश्वर गावचे खाशाबा दादासाहेब जाधव यांनी १९५२ मध्ये फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे कांस्यपदक जिंकले, तेव्हा त्यांच्यामागे ना सरकारी योजना होती, ना पुरस्कर्ती कंपनी. गावकऱ्यांची वर्गणी होती आणि एका प्राचार्यांचे गहाण पडलेले घर होते.

गोळेश्वरचा हा मुलगा कुस्तीकडे कसा आला?

तो कुस्तीत जन्मलाच म्हणायला हवे. १५ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेले खाशाबा पाच भावांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे घरात तालमीचे वातावरण होते. पाचव्या वर्षापासून पोरगा मातीत लोळू लागला आणि आठव्या वर्षी त्याने परिसरातल्या एका नावाजलेल्या मल्लाला दोन मिनिटांत पाठ दाखवायला लावली, अशी हकिकत सांगतात. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात झाले. तिथे कुस्तीबरोबर पोहणे, धावणे, मल्लखांब, हातोडाफेक असे बरेच काही त्यांनी केले.

तो काळ सातारा जिल्ह्यात प्रतिसरकारचा. बेचाळीसच्या आंदोलनात भूमिगत झालेल्यांना आसरा देणे, त्यांच्या चिठ्ठ्या पोचवणे अशी कामे शाळकरी खाशाबांनीही केली.

पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. इथे एक प्रसंग घडला. महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडा स्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला ते गेले, तर त्यांची किरकोळ चण पाहून क्रीडाशिक्षकांनी नाव घ्यायलाच नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि या पोराने एकामागून एक सगळे जोड चीत केले. उंचीने जेमतेम साडेपाच फुटांच्या आसपास, वजन पन्नाशीच्या घरात. पुढे जगाने त्यांना ‘पॉकेट डायनॅमो’ हे नाव दिले ते याच बांध्यामुळे.

अंगात फार मांस नसलेल्या मल्लाला डावावरच जगावे लागते. बाबूराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी या वस्तादांनी खाशाबांना ते शिकवले. त्यांचा हातखंडा डाव म्हणजे ढाक. प्रतिस्पर्ध्याचे मुंडके बगलेत आवळायचे आणि तोल बिघडताच त्याला कमरेवरून भिरकावून द्यायचे. या डावात ताकदीपेक्षा वेळ साधण्याला महत्त्व असते. क्षणभर आधी मारला तर समोरचा सावध होतो, क्षणभर उशिरा मारला तर आपणच खाली जातो.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले कसे?

कोल्हापूर संस्थान तेव्हा अजून शिल्लक होते, हे याचे साधे उत्तर. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला जो राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे केले, देशभरचे मल्ल आणून पोसले, त्याची पुण्याई पुढच्या पिढ्यांना पुरली. खाशाबांच्या लंडनवारीचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला.

लंडनला पोचल्यावर मात्र मोठा पेच उभा राहिला. खाशाबा आयुष्यभर मातीत खेळलेले होते आणि ऑलिंपिकची कुस्ती गादीवर होती. ज्यांनी फक्त यात्रेतली कुस्ती पाहिली आहे त्यांना हा फरक थोडा उलगडून सांगायला हवा. आपल्या हौद्यातली लाल माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून मऊ केलेली असते. तिच्यात पाय रुततो, अंगाला माती चोळली की घामेजलेल्या शरीरावर पकड बसते. त्या काळी घड्याळही नसे, खडाखडी अर्धा-अर्धा तास चाले आणि निकाल एकच, पाठ लागली की चीत. गादीवर पाय झरझर सरकतो. कुस्तीला वेळेची मर्यादा असते. पाठ लागली नाही तरी पंच निर्णय देऊन कुणाला तरी विजयी ठरवतात, म्हणजे जो सतत चढाई करतो त्याचे पारडे जड होते. मातीतला पैलवान सावकाश अंदाज घेत बसला तर गादीवर कुस्ती हातची जाते.

खाशाबांना ना गादीचा सराव होता, ना आंतरराष्ट्रीय नियमांची पुरती ओळख. अमेरिकेचे माजी मल्ल रीस गार्डनर यांनी त्यांना थोडक्या दिवसांत जमेल तेवढे शिकवले. त्या तुटपुंज्या तयारीवर त्यांनी फ्लायवेट गटात ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला काही मिनिटांत आस्मान दाखवले, अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवले. इराणच्या मन्सूर रईसीपुढे ते हरले आणि सहाव्या क्रमांकावर थांबले.

पदक नव्हते, पण बावीस वर्षांच्या या तरुणाने जगात सहावा क्रमांक मिळवला होता, तोही नव्या पृष्ठभागावर. घरी परतून त्यांनी पुढची चार वर्षे कसून सराव केला, वजन वाढवून बॅन्टमवेट म्हणजे ५७ किलोच्या गटात खेळायला सुरुवात केली.

मग १९५२ मध्ये अडचण कशाची होती?

दोन अडचणी होत्या. एक निवडीची, दुसरी पैशाची.

मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना एका गुणाने मागे ठेवले गेले आणि त्यांची निवड हुकली. गुण देताना पक्षपात झाला, असे खाशाबांचे म्हणणे होते. ते गप्प बसले नाहीत. क्रीडा क्षेत्रात तेव्हा पतियाळाच्या महाराजांचा शब्द चाले. खाशाबांनी त्यांच्याकडे दाद मागितली. यादवेंद्र सिंह स्वतः क्रिकेटपटू, खेळाची जाण असलेले. त्यांनी खाशाबांची आणि निरंजन दास यांची कुस्ती पुन्हा लावली. खाशाबांनी ती जिंकली आणि हेलसिंकीचे दार उघडले. राष्ट्रीय संघाची निवड एका महाराजांच्या मर्जीवर सुटावी, हे आज विचित्र वाटते. पण ते नसते तर पदकही नसते.

पैशाची अडचण याहून कठीण निघाली, आणि तिचे मूळ इतिहासात आहे. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. लोकशाहीच्या दृष्टीने ते व्हायलाच हवे होते. पण ज्या तिजोरीतून चार वर्षांपूर्वी लंडनचा खर्च निघाला होता, ती तिजोरी आता नव्हती. संस्थानाने सोडलेली जागा नव्या सरकारने अजून घेतलेली नव्हती. खेळाडूला परदेशी पाठवणे हे आपले काम आहे, असे त्या काळच्या शासनाला वाटत नव्हते. मोरारजी देसाई तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांच्याकडे वेळोवेळी विनंती करूनही जाण्याआधी मदत हाती पडली नाही, स्पर्धा झाल्यावर या असे सांगण्यात आले, ही हकिकत खाशाबांच्या चरित्रात हमखास येते.

खाशाबा आणि त्यांचे घरचे मग दारोदार फिरले. गोळेश्वरच्या लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे दिले. कराडच्या दुकानदारांनी, ओळखीच्यांनी दिले. यात्रेच्या फडासाठी वर्गणी गोळा होते तशीच ही गोळा झाली. तरी बेरीज जुळेना. त्या वेळी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर पुढे आले. त्यांनी स्वतःचे राहते घर गहाण ठेवले आणि सात हजार रुपये उभे केले. तोळाभर सोने शंभर रुपयांच्या आत मिळत होते त्या काळचे हे सात हजार. कर्ज फिटले नसते तर घर गेले असते. एका माजी विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी शिक्षकाने एवढा धोका पत्करावा, याला तोड नाही.

हेलसिंकीत नेमके काय घडले?

त्या वेळच्या फ्रीस्टाइल कुस्तीची पद्धत आजच्यापेक्षा वेगळी होती. एक कुस्ती हरला की मल्ल बाहेर, असे नव्हते. प्रत्येक कुस्तीनंतर दोषगुण मिळत. समोरच्याला चीत केले तर शून्य, पंचांच्या निर्णयावर जिंकले तर एक, हरले तर तीन. पाच दोषगुण साठले की गाशा गुंडाळायचा. म्हणूनच चितपट विजयाला फार मोल होते. दोन कुस्त्या हरूनही खाशाबांना पदक कसे मिळाले, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो, त्याचे उत्तर या पद्धतीत आहे.

पहिला जोड कॅनडाच्या एड्रियन पोलिकॅनशी लागला. कुस्तीची मर्यादा पंधरा मिनिटांची. खाशाबांनी त्याला चीत केले ते १४ मिनिटे २५ सेकंदांनी. म्हणजे जवळजवळ अखेरपर्यंत झुंज चालली आणि उरलेल्या अर्ध्या मिनिटात निर्णयावर समाधान मानण्याऐवजी त्यांनी पाठ लावली. मेक्सिकोच्या लिओनार्डो बासुर्तोला त्यांनी ५ मिनिटे २० सेकंदांत लोळवले. या दोन विजयांनी खात्यावर एकही दोषगुण नव्हता. जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झने कडवा प्रतिकार केला; ती कुस्ती खाशाबांनी पंचांच्या २-१ अशा निर्णयावर काढली.

आता शेवटच्या टप्प्यात तिघे उरले होते. खाशाबा, सोव्हिएत संघाचा रशीद ममादबेयोव्ह आणि जपानचा शोहाची इशी. इशी हा मुळात ज्युदोचा खेळाडू. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४८ च्या ऑलिंपिकला जपानला बोलावलेच नव्हते, त्यामुळे हेलसिंकीत त्याच्यावर सगळ्या देशाचे डोळे होते. खाशाबा आणि इशी यांची झुंज प्रदीर्घ आणि दमछाक करणारी झाली. निर्णय इशीच्या बाजूने लागला.

पुढचा प्रसंग कराड-कोल्हापूरकडे अजून हळहळून सांगितला जातो. इशीशी लढून खाशाबा गादीवरून उतरतात न उतरतात तोच त्यांना ममादबेयोव्हसमोर उभे राहायला सांगण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यावी, असा नियम होता. पण त्यावर बोट ठेवून पंचांशी भांडायला एकही भारतीय पदाधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबांना ती भाषा येत नव्हती आणि बाजू मांडणारा कुणी नव्हता. थकल्या अंगाने ते उभे राहिले आणि हरले. विश्रांती मिळाली असती तर निकाल बदलला असता का, याची चर्चा निष्फळ आहे; ममादबेयोव्ह कसलेला मल्ल होता. पण पैलवानाबरोबर मैदानाबाहेर बोलणारा माणूस असावा लागतो, हे गावच्या फडातल्या वस्तादालाही कळते. भारतीय पथकाला ते त्या दिवशी जमले नाही.

इशीला सुवर्ण मिळाले. हेलसिंकीतले जपानचे ते एकमेव सुवर्ण. ममादबेयोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य. तारीख २३ जुलै १९५२. दुसऱ्याच दिवशी भारताच्या हॉकी संघाने नेदरलँड्सला ६-१ असे हरवून सुवर्णपदक घेतले आणि देशभर बोलबाला त्याचाच झाला. याच ऑलिंपिकमध्ये केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले, म्हणजे दुसरे पदक थोडक्यात निसटले. आज त्यांचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

त्यांना ‘पहिले’ म्हणतात ते कोणत्या अर्थाने?

नॉर्मन प्रिचर्ड या कलकत्त्यात जन्मलेल्या धावपटूने १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दोन रौप्यपदके जिंकली होती आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती ती भारताच्या खात्यावर मांडते. तेव्हा भारत पारतंत्र्यात होता आणि प्रिचर्ड ब्रिटनचे की भारताचे, हा वाद अजून मिटलेला नाही. १९२० मध्ये भारताचे पथक अँटवर्पला गेले, त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले. पण वैयक्तिक पदक घेऊन परतणारा स्वतंत्र भारताचा पहिला खेळाडू खाशाबाच. त्यानंतरचे वैयक्तिक पदक १९९६ मध्ये टेनिसपटू लिअँडर पेस यांनी आणले. मधली चव्वेचाळीस वर्षे ती जागा कुणाला घेता आली नाही. कुस्तीतले पुढचे पदक तर २००८ मध्ये सुशील कुमार यांचे.

गावी परतल्यावर काय झाले?

कराड स्थानकावर लोक लोटले होते. शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पंधरा मिनिटांत संपणाऱ्या वाटेला सात तास लागले. ढोल, लेझीम, गुलाल सगळे होते.

गुलाल झटकला आणि खाशाबा कामाला लागले. खर्डेकरांचे घर सोडवायचे होते. त्यासाठी त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः त्यांत लढले आणि तिकिटांतून आलेल्या पैशातून प्राचार्यांचे कर्ज फेडले. ऑलिंपिकचा पदकविजेता आपल्या प्रवासाचे कर्ज फेडण्यासाठी मैदान गाजवतो आहे, असे दृश्य जगात दुसरीकडे क्वचितच दिसले असेल. इनामाच्या पैशावर मल्लाने घर चालवावे, हा मातीचा नियमच होता. खाशाबांनी त्याने दुसऱ्याचे घर वाचवले.

पोलिस खात्यातली वर्षे कशी गेली?

१९५५ मध्ये ते पोलिस उपनिरीक्षक म्हणून भरती झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची तयारी सुरू होती, पण सरावात गुडघा जबर दुखावला आणि तिसऱ्या ऑलिंपिकचा विचार सोडून द्यावा लागला. तिसाव्या वर्षी आंतरराष्ट्रीय कारकीर्द थांबली. खात्याच्या स्पर्धा त्यांनी जिंकल्या, क्रीडा प्रशिक्षक म्हणून पोरांना घडवले.

मात्र बढतीने त्यांच्याकडे पाठ फिरवली. बावीस वर्षे ते उपनिरीक्षकाच्याच हुद्द्यावर राहिले. पदकाची नोंद सेवापुस्तकात असेल, पण त्याचे वजन कुणी धरले नाही. सत्तावीस वर्षांच्या नोकरीनंतर सहायक पोलिस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले आणि निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या मशाल दौडीत त्यांना सहभागी करून घेतले गेले, तेव्हा अनेकांना या माणसाची पहिल्यांदाच ओळख झाली.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी कराडजवळ मोटारसायकलच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. वय अठ्ठावन्न.

मान कधी मिळाला?

बहुतेक सगळा मरणानंतर. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार नव्वदच्या दशकात, केंद्राचा अर्जुन पुरस्कार २००० सालचा. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी दिल्लीत बांधलेल्या कुस्ती संकुलाला त्यांचे नाव देण्यात आले. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस आता राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. पद्म सन्मानाची मागणी मात्र वर्षानुवर्षे होत आली आहे.

दरम्यान खेळाच्या खर्चाचे गणित पूर्ण पालटले. केंद्राच्या ‘टॉप्स’ योजनेतून ऑलिंपिकसाठी निवडलेल्या खेळाडूंच्या परदेशी सरावाचा, प्रशिक्षकांचा, उपचारांचा खर्च भागतो. भालाफेकीतला सुवर्णविजेता नीरज चोप्रा याच व्यवस्थेतून पुढे आला. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलच्या थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले हे वैयक्तिक पदक. राज्य सरकारने त्याला एक कोटी रुपयांचे बक्षीस जाहीर केले. स्वप्निल शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरी करत होता. खाशाबांच्या वेळी यातले काहीच नव्हते.

गोळेश्वरला खाशाबांच्या घराचे नाव ‘ऑलिंपिक निवास’ आहे. त्यांच्या नावाने गावात कुस्ती संकुल उभारायचे सरकारने जाहीर केले, पण काम रेंगाळत गेले. अखेर २०१७ च्या उन्हाळ्यानंतर कुटुंबीयांनी सांगितले की संकुल होत नसेल तर हेलसिंकीचे कांस्यपदक लिलावात काढू आणि त्या पैशातून तालीम बांधू.